फुलपाखरांची जाळीपेटी: पेटी घ्या, सोबतचं पत्रक बाजूला ठेवा

अळ्या वाढवायला घडीची जाळीपेटी आता बेळगावात, खानापुरात सहज मिळते. 40×40×60 सेंमीची, एका बाजूला चेन. पेटी चांगली आहे. उभी मोठी असल्यामुळे कुंडीतलं लिंबाचं रोपच आत मावतं. चूक सोबतच्या पत्रकात आहे.

पत्रकात कोशाला सरसकट ‘कोसला’ म्हटलंय आणि ‘तयार झाला की काढून कापसावर ठेवा’ असं सांगितलंय. कोसला म्हणजे रेशीमकिड्याने स्वतःभोवती विणलेलं धाग्याचं घर, कानडीतलं ‘गूडु’. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात देहालाच ‘मी’ समजणाऱ्याला, म्हणजे आपणच आपला वैरी झालेल्याला, कोशकीटकाची उपमा आहे. ती शोभते ती या किड्यालाच, कारण तो आपल्याच धाग्यात कोंडला जातो. लिंबावरची अळी घर विणतच नाही. काडीवर रेशमाची गादी करून शेपूट अडकवते, कमरेला एक दोरा घेते नि कात टाकते. खाली दिसतो तो उघडा कोश.

तो आडवा ठेवला की घात. बाहेर आल्याबरोबर फुलपाखराला लटकायला जागा लागते. तरच पंखांत द्रव भरून ते ताणले जातात. जागा मिळाली नाही तर चुरगळलेलेच वाळतात, मग काही उपाय नाही. कोश पडलाच, तर शेपटाकडच्या रेशमाला दोरा बांधून टांगा. तेवढं रेशीम उरलं नसेल तर खरखरीत कापडाला तिरका टेकवून ठेवा, म्हणजे चढता येईल. रुईवरच्या ‘बिबळ्या कडवा’ या फुलपाखराचा कोश मुळातच उलटा लोंबतो, कमरेचा दोरा त्याला नसतो.

रोपाऐवजी फांद्या बाटलीत ठेवल्या तर तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या पाण्यात बुडतात. नर्सरीतलं फवारलेलं रोप आणू नका. तळाचा कागद रोज बदला. आपल्याकडच्या पावसाळ्यात विष्ठेवर एका रात्रीत बुरशी धरते, तेव्हा पाणी शिंपडायचंही बंद. कोशाला बारीक गोल भोक दिसलं तर आत गांधीलमाशीच्या जातीचा परजीवी होता, वाट बघू नका. बाहेरून आणलेल्या मोठ्या अळ्यांत हे फार होतं, म्हणून अंडी असलेलं पानच आणावं.

फुलपाखरू निघाल्यावर लालसर थेंब पडतात, ते रक्त नव्हे. दोन-तीन तास पंख वाळू द्या, मग सोडा. पेटी घेताना चेन पूर्ण उघडून बघा; अर्धीच उघडणाऱ्या पेटीत कुंडी जात नाही.