काचेच्या छतापायी १२,८१३ डॉलर

आकडा आधीच सांगून टाकतो. १२,८१३ डॉलर, कॅनेडियन. एवढे पैसे माझे एका जुन्या जपानी व्हॅनच्या छतातून गळून गेले. चार महिने कोणाला बोललो नाही. ऑफिसात कोणी "काय रे, तुझी ती व्हॅन कुठे दिसत नाही?" असं विचारलं की "कामाला दिलीय" म्हणून विषय बदलायचो. आता लिहितोय, कारण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलाने तसल्याच गाडीचा फोटो पाठवला आणि विचारलं, "दादा, ही काचेच्या छताची कशी वाटते?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो, शिव्या वगळून.

आम्ही कॅनडाच्या पश्चिम टोकाला राहतो. डोक्यात खूळ होतं डेंपस्टर हायवेचं. डॉसन सिटीजवळून इनुविकपर्यंत साधारण ७४० किलोमीटर नुसती खडी, आणि २०१७ पासून पुढे टुक्टोयाक्टुकपर्यंत, म्हणजे थेट आर्क्टिक महासागराच्या काठापर्यंत रस्ता. त्यासाठी फोर व्हील ड्राइव्ह हवी, आत झोपता यायला हवं, आणि खिशाला परवडायला हवी. या तिन्हीत बसणारी गाडी म्हणजे मित्सुबिशी डेलिका. मी बघत होतो ती स्पेस गिअर, १९९७ची, जपानी कागदावर हेइसेई ९ (तिकडे सम्राटाच्या कारकिर्दीवरून वर्ष मोजतात), इंजिन २.८ लिटर टर्बो डिझेल.

आणि मी अभ्यास न करता गेलो नव्हतो. हे ठासून सांगतो, कारण ज्याला हे कळतं तो आधी "अरे, पण तू चौकशी नाही केलीस?" हेच विचारतो. केली होती! पंधरा वर्षं झालेली गाडी कॅनडात आणता येते, अमेरिकेत पंचवीस लागतात. उजव्या हाताच्या स्टिअरिंगला क्वेबेकमध्ये पंचवीस वर्षांची अट आहे. जपानी हेडलाइट डावीकडे उजेड फेकतात, ते बदलावे लागतात. गाडीला एसी असेल तर आयातीवर १०० डॉलर अबकारी कर वेगळा. हे सगळं मला तोंडपाठ होतं. नव्हतं पाठ ते एकच, की छत बघायचं असतं.

या गाड्यांना तीन तऱ्हेची छतं मिळतात. बुटकं छत असेल तर गाडी पार्किंगच्या तळघरात शिरते, वळणावर कमी झुलते, वर कॅरिअर टाकता येतं. पण आत ताठ बसलं की टाळू घासते. उंच पत्र्याचं छत असेल तर आत जागा भरपूर, पण दोन मीटरच्या वर जाते म्हणून बरेच तळघरांचे दरवाजे बंद, आणि हायवेवर आडवा वारा आला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. तिसरं क्रिस्टल लाइट, म्हणजे छताला काचाच काचा. आडवं पडून डोंगर बघा, तारे बघा. फोटोत या छतापुढे बाकीची दोन्ही गरीब दिसतात. पण साधा हिशोब करा. जितक्या काचा तितकी भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या कडेला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं रबर आणि चिकटवण. खडीच्या रस्त्यावर, त्यातही तो वॉशबोर्ड म्हणतात तसला नालीदार भाग आला की, सगळी बॉडी तासन् तास पिळवटत असते. काच पिळत नाही. मग फट कुठे पडणार? खडबडीत रस्त्यासाठी घेत असाल तर पत्र्याचं छत घ्या. तारे बघायला दार उघडून बाहेर या.

हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच मी उंच पत्र्याची गाडी पसंत केली होती. १४,९०० डॉलर. विक्रेता फोनवर फार गोड. म्हणाला, "ती घ्या, चांगलीच आहे. पण तुम्ही फॅमिली घेऊन उत्तरेत चाललात म्हणून सांगतो, माझ्याकडे एक क्रिस्टल आहे. जाहिरातीत टाकलेलीच नाही." १७,४००. मी पत्र्याचं छतच बरं म्हणालो, तर त्याने दुसऱ्या दिवशी कळवलं की पत्र्याची गेली. (गेली नव्हती. तीन आठवड्यांनी त्याच फोटोंसकट दुसऱ्या नावाने जाहिरात दिसली.)

मी जपानी लिलावाचा कागद मागितला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिथे लिलावाला येणाऱ्या प्रत्येक गाडीची तपासणी होते आणि एका पानावर तिची कुंडली असते. कोपऱ्यात ग्रेड, खाली गाडीचं चित्र, त्यावर खुणा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा खाल्लेला. त्याने फोटो पाठवला. वरचा कोपरा कापलेला, आणि चित्रावर त्याचा अंगठा. बरोब्बर छतावर. मी तो फोटो मोठा करून टायरजवळच्या खुणा वाचल्या, दारावरचा ओरखडा वाचला, "बघ, किती प्रामाणिक आहे, ओरखडासुद्धा दाखवलाय" असं बायकोला म्हणालो. अंगठा मला दिसला. दिसला, आणि मला तो अंगठाच वाटला.

ऑगस्टमध्ये गाडी बघायला गेलो. या किनाऱ्यावर ऑगस्ट कोरडा असतो. गळकं छत विकायला याहून चांगला महिना नाही, हे आता कळतं. गाडी शेडमध्ये, धुऊन पुसून लखलखीत. दार सरकवलं आणि आतून तीन वास एकदम आले. एक त्या झाडाच्या आकाराच्या सुगंधी पुठ्ठ्याचा, एक ओल्या सतरंजीचा, आणि एक व्हिनेगरचा. हो, व्हिनेगर. मला वाटलं, काहीतरी सांडलं असेल. ते ताजं सिलिकॉन होतं. दुकानात मिळणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास सोडतं, कारण त्यातून तेच आम्ल निघतं, आणि उघड्या पत्र्यावर लावलं तर गंज थांबायचा सोडून वाढतो. काच बसवणारे लोक ते वापरत नाहीत. जुन्या गाडीत व्हिनेगरचा वास आला तर तिथूनच मागे फिरा. पुढे काही बघू नका.

बायकोने वर बघितलं. छताच्या काचांना आतून पडदे असतात, बटणावर सरकणारे. मागच्या पडद्याच्या घडीवर एक तपकिरी रेघ होती, नकाशात नदी दाखवतात तशी नागमोडी. ती म्हणाली, "अरे, हे पाण्याचं ओघळ वाटतंय." तो लगेच म्हणाला, "कोणाचा तरी चहा सांडलाय." छताला चहा! आणि मी, शिकला-सवरलेला माणूस, हसलो. त्याच्या बाजूने हसलो. बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मला अजून झोपेत दिसते. मग मी बटण दाबलं, पडदा हललाच नाही. "फ्यूज उडालाय, पाच मिनिटांचं काम." पाण्याने मोटर जळली होती.

आणि त्या शेडच्या भिंतीला ॲल्युमिनिअमची शिडी टेकून उभी होती. माझ्यापासून चार पावलांवर. मी वाकून चासी बघितली, मोबाइलचा टॉर्च मारला, जपानच्या होक्काइदो बेटावर, बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फिरलेल्या गाड्या खालून सडतात हे वाचलेलं होतं ना! खाली गंज जवळजवळ नव्हता. मी खूश. दोन मीटर उंच गाडीचं छत जमिनीवरून दिसत नाही, आणि मी शिडी मागितली नाही कारण मला संकोच वाटला. माणूस इतका नीट बोलतोय, त्याच्या गाडीवर चढून काय बघायचं. घरून फ्रिजचं एक लोहचुंबक खिशात घालून नेलं असतं आणि काचांच्या कडेने फिरवलं असतं तर दहा ठिकाणी चिकटलं नसतं. पुट्टीला चुंबक चिकटत नाही.

पैसे असे दिले: २,००० आधीच बयाणा, बँकेतून ऑनलाइन. ७,००० चा बँक ड्राफ्ट. आणि ८,४०० रोख. रोख का, ते पुढे सांगतो, आत्ता सांगायची हिंमत नाही. हेडलाइट आणि प्रांताची तपासणी मिळून ७४५. तपासणीत गाडी पास झाली! ब्रेक, दिवे, टायर, सगळं हिरवं. नंतर मी त्या तपासणीवाल्याकडे भांडायला गेलो तर म्हणाला, छतातून पाणी येणं सुरक्षेच्या यादीत बसत नाही. पोराच्या मांडीवर पाणी पडलं तरी गाडी सुरक्षित.

पडलंच. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, सराव म्हणून जंगलातल्या लाकूडवाहतुकीच्या रस्त्यावर नव्वद किलोमीटर गेलो. वॉशबोर्डवर मागून टिकटिक असा आवाज येत होता, भांडी असतील म्हटलं. रात्री पाऊस सुरू झाला. दोन वाजता मुलगा उठून म्हणाला, "बाबा, माझी उशी ओली आहे." टॉर्च लावला तर काचेच्या कडेने, दिव्याच्या भोकातून, पडद्याच्या पट्टीतून पाणी. तीन पातेली, एक थर्मासचं झाकण आणि माझा रेनकोट, अशी रात्र काढली. सकाळी काचेची कड बोटाने दाबली तर सिलिकॉनची अख्खी पट्टी सोललेल्या सालीसारखी हातात आली आणि तिच्याबरोबर पत्र्याचा भुगा.

विक्रेता आधी म्हणाला, "सनरूफच्या नळ्या तुंबल्या असतील, हवा मारून घ्या." मग म्हणाला, "जुनी गाडी आहे, मी गॅरंटी दिली नव्हती." मग फोन लागेना.

बॉडीवाल्याने बघायचे १४० घेतले आणि ८,३५० चा अंदाज दिला, वर कर, शिवाय काच काढताना फुटली तर जबाबदारी माझी. चासी नंबरवरून लिलावाचा मूळ कागद पैसे भरून मिळतो. मला लागले २८ डॉलर. फक्त २८! हे आधी केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. अंगठ्याखाली होतं 'सी २'. ग्रेड ४ सांगितली होती, निघाली ३. खाली जपानीत एक ओळ होती. ऑफिसातल्या एकीला जपानी येतं, तिला दाखवली. ती वाचून क्षणभर गप्प बसली. "अमामोरी," म्हणाली. "पावसाचं गळणं."

मग सुरू झाली वरात. पोलिसांनी तक्रार ऐकून घेतली, नंबर दिला आणि सांगितलं की हा दिवाणी मामला आहे. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. जाहिरातीच्या संकेतस्थळाने जाहिरात काढून टाकली, म्हणजे माझा पुरावाच पुसला, आणि वर "तुमचा अनुभव कसा होता?" म्हणून तारे मागितले. गाडी विक्रेत्यांना परवाने देणाऱ्या कार्यालयाने तर कमाल केली. म्हणे, या माणसाकडे परवाना नाही, त्यामुळे तो आमच्या कक्षेत येत नाही. अहो, परवाना नाही हीच तर तक्रार आहे! अशा लोकांना इथे कर्बर म्हणतात: धंदा विक्रेत्याचा, सोंग खासगी मालकाचं. मी त्याच्या चार जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवले, फोन नंबर तोच, शेड तीच. त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली: हस्तांतराच्या कागदावरचं नाव. कागदावर नाव भलत्याच बाईचं होतं. सही आधीच केलेली. तेव्हा तो म्हणाला होता, "बायकोच्या नावावर आहे." समोरच्याचं ओळखपत्र आणि कागदावरचं नाव जुळत नसेल तर ड्राफ्ट खिशातून काढू नका. सहा आठवड्यांनी त्या कार्यालयाचं दोन ओळींचं उत्तर आलं, फाइल बंद. दोन ओळींत माझं नावही चुकीचं लिहिलं होतं.

छोट्या दाव्यांच्या कोर्टात जाण्यासाठी एका वकिलाला विचारलं. तिने कागद बघितला आणि विचारलं, "यावर किंमत ९,००० आहे. तुम्ही १७,४०० म्हणताय."

तर रोखीचं कारण हे. त्याने सुचवलं होतं की कागदावर ९,००० लिहू, तुमचा विक्रीकर वाचेल. सगळेच करतात. मी मान डोलावली. बयाणा आणि ड्राफ्ट मिळून बरोब्बर ९,०००, बाकीचे ८,४०० एका लिफाफ्यात, पावती नाही. मला वाटलं तो माझा फायदा बघतोय. त्याने माझ्याच हाताने माझी तक्रार निम्मी करून घेतली होती, आणि उरलेली निम्मी मी मोठ्या आवाजात मांडू शकत नव्हतो, कारण करचुकवेगिरीत मीही होतोच. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना फी विचारून बाहेर पडलो, पहिल्या भेटीची त्यांनी घेतली नाही. दया केली असावी.

गाडी गेल्या महिन्यात विकली. जाहिरातीत पहिलं वाक्य लिहिलं, "छत गळतं, पत्रा सडलेला आहे." एक वेल्डर आला. पिकअपमधून स्वतःची शिडी उतरवली, वर चढला, वीस मिनिटं वरच होता. खाली उतरून हात पुसले आणि म्हणाला, "पाच हजार पाचशे." मी घासाघीस केली नाही. कागद भरायला घेतला तेव्हा त्याने पेन वर धरून विचारलं, "यावर किती लिहू?"

"पाच हजार पाचशे," मी म्हटलं. "अक्षरातपण लिहा."