भोसरीत पॅकिंग मशीन बनवून घेताना: चिवडा-भाकरवडीवाल्यांसाठी परीक्षण

पुण्यात पॅकिंग मशीन बनवून घ्यायचं म्हटलं की पाय भोसरीकडे वळतात. तिथून तळवडे, चाकणपर्यंत छोट्या शेडपासून मोठ्या कारखान्यापर्यंत सगळ्या मापाचे उत्पादक आहेत. हे परीक्षण १०० ग्रॅम ते १ किलोचे पाऊच भरणाऱ्या कॉलर टाइप मशीनचं आहे. मशीन रोलमधली फिल्म कॉलरवरून वळवून ट्यूबभोवती गुंडाळत पाऊच घडवतं, ट्यूबमधून त्यात माल सोडतं आणि जॉ, म्हणजे तापलेले जबडे, मिटवून सील मारून कापतं.

आधी निकाल सांगतो. लोखंडकामात इथले उत्पादक चांगले आहेत. गाड्यांच्या कारखान्यांमुळे लेझर कटिंग, सीएनसी, वायरकट सगळं हाकेच्या अंतरावर आहे, आणि ते फ्रेममध्ये, जॉच्या फिनिशमध्ये दिसतं. बरेच जण कच्चे पडतात ते डिस्पॅचआधीच्या ट्रायलमध्ये आणि कागदपत्रांत. म्हणून उत्पादक निवडताना कसोटी एकच ठेवा: तुमचा माल, तुमची छापील फिल्म आणि तुमचं वजन लावून तो स्वतःच्या शेडमध्ये मशीन तासभर सलग चालवून दाखवतो का?

कोटेशनवरचा 'मिनिटाला ६० पाऊच' हा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या मशीनचा असतो. पातळ पोह्यांचा चिवडा हलका आणि जागा खाणारा. काट्यातून सुटल्यावर तो एकगठ्ठा पडत नाही, ट्यूबमधून सांडत सांडत खाली येतो. तेवढ्यात जॉ मिटले की मागे राहिलेलं डाळं नाहीतर कढीपत्त्याचं पान सीलमध्ये अडकतं. ते टाळायला वेग उतरवावा लागतो आणि ६० चे ३५ होतात. तेव्हा कोटेशनमध्ये वेग लिहून घ्यायचा तो 'अमुक माल, अमुक ग्रॅम, तासाला इतके चांगले पाऊच' असा.

जाणता उत्पादक पहिल्या भेटीतच ओळखू येतो. तो किमतीआधी मालाचा नमुना मागतो. एक लिटरच्या मापात किती ग्रॅम माल बसतो, सगळ्यात मोठा तुकडा केवढा, तेल किती सुटतं, फिल्म कशाची, हवेचा कॉम्प्रेसर केवढा, छताची उंची किती, हे विचारतो. उंचीचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण मल्टिहेड काटा (अनेक लहान वजनपात्रांतला, म्हणजे हेडमधला, माल जुळवून हवं ते वजन साधणारा) मशीनच्या वर प्लॅटफॉर्मवर बसतो आणि सगळं मिळून बारा फुटांच्या आसपास जातं. नऱ्हे-धायरीकडच्या पोटमाळा काढलेल्या गाळ्यात ते मावत नाही.

कॉलरचा हिशेब स्वतः करून ठेवा. मागे सील असलेला १५० मिलिमीटर रुंदीचा पाऊच हवा असेल तर फिल्म १५० दुणे ३००, अधिक मागच्या सीलचे २०, म्हणजे ३२० मिलिमीटर लागते. पाऊचची लांबी स्क्रीनवर बदलता येते, रुंदी नाही. प्रत्येक रुंदीला कॉलर आणि ट्यूबचा वेगळा जोड लागतो आणि त्याचे पैसे वेगळे. तीन रुंद्यांचे पाऊच असतील तर तीन जोडांची किंमत धरूनच दोन कोटेशनची तुलना करा. शेडमध्ये गेलात की कॉलरच्या कडेवरून नख फिरवून बघा. जिथे नख अडकेल तिथे फिल्मही घासली जाते आणि प्रत्येक पाऊचच्या छपाईवर एकाच जागी बारीक ओरखडा उमटत राहतो.

काट्याबाबत काटकसर अंगाशी येते. शेवेला १० हेड पुरतात. भाकरवडीचं तसं नाही. एक नग आठ-दहा ग्रॅमचा असेल आणि हेड कमी असतील, तर २०० ग्रॅमच्या जवळची जुळणी सापडत नाही आणि काटा वरच्या बाजूला झुकतो. तिथे १४ हेड घ्यावेत, आणि माल पडण्याची उंची कमी ठेवायला सांगावी, नाहीतर तुकडे होतात. चिवड्याची अडचण आणखी वेगळी. हॉपर थरथरतो, मीठ-मसाला खाली बसतो, वर नुसते पोहे राहतात. त्यामुळे एका पाकिटात फिके पोहे आणि दुसऱ्यात सगळा मसाला जातो. त्यावर इलाज म्हणजे हॉपर लहान ठेवणं आणि लेव्हल सेन्सर लावून माल थोडा थोडा सोडणं. हे स्वतःहून सुचवणारा उत्पादक चार पैसे जास्त मागत असला तरी घ्यावा.

वजनाचा कायदाही मशीन ठरवतानाच बघायचा. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार २०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात ९ ग्रॅमपर्यंत तूट चालते, पण लॉटची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. म्हणून काटा जितका ढिला तितकं सेटिंग वर ठेवावं लागतं. पाकिटामागे ३ ग्रॅम जादा गेले तर १०,००० पाकिटांत ३० किलो माल फुकट जातो, आणि तोही रोज. मल्टिहेडचा जास्तीचा खर्च या हिशेबात लवकर वसूल होतो.

मसाला, हळद, बेसनाला ऑगर फिलर (स्क्रू फिरवून पूड मोजून सोडणारा) लागतो. लोणच्याला पिस्टन फिलर, आणि मीठ-आंबटामुळे मालाला लागणारे भाग ३०४ नव्हे तर ३१६ स्टीलचे.

आता ट्रायल. पुरेसा माल आणि खऱ्या छपाईचे दोन रोल पाठवा. साध्या फिल्मवर ट्रायल घेऊन उपयोग नाही, कारण आय मार्क, म्हणजे कुठे कापायचं ते सेन्सरला दाखवणारी छापील खूण, तिथे नसतोच. आय मार्कचा रंग मागच्या रंगापासून ठळक उठला पाहिजे आणि त्याच्या सरळ रेषेत फिल्मभर दुसरी छपाई नको, नाहीतर सेन्सर भलत्याच जागी कापतो. मशीन चालू झाल्यावर दर विसावा पाऊच वजन करून लिहा, आणि प्रत्येक थांबा कारणासकट लिहा.

मग तीसेक पाऊच पाण्याखाली धरून दाबा आणि बुडबुडे नेमके कुठून येतात ते बघा. मागची सील आडव्या सीलला जिथे मिळते तिथून येत असतील, तर तिथे फिल्मचे थर जास्त असल्याने जॉचा दाब किंवा तापमान पुरत नाही. मध्येच एखाद्या ठिकाणी येत असतील तर माल अडकलाय. एका बाजूनेच येत असतील तर जॉ समांतर नाहीत किंवा एक हीटर मेलाय. जॉ तपासायची रीत सोपी आहे. मशीन थंड असताना जॉमध्ये पांढरा कागद आणि कार्बन पेपर धरून मिटवायचे. ठसा दोन्ही टोकांना सारखा उमटला पाहिजे. हे न करता ऑपरेटर नुसतं तापमान वाढवत सुटला, तर फिल्म आकसते, जॉवरचं टेफ्लॉन जळतं आणि लीकेज तसंच राहतं. उत्पादकाचा माणूस गळका पाऊच बघून आधी कशाला हात लावतो, याकडे लक्ष ठेवा.

कागदपत्रांचा आग्रह सोडू नका. पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, पासवर्ड असतो आणि प्रोग्राम लिहिणारा माणूस वर्षभरात नोकरी सोडतो. प्रोग्रामची प्रत, वायरिंग आणि हवेच्या लाइनचं ड्रॉइंग, ट्रायलला ठरलेली सेटिंग्ज हे सगळं डिस्पॅचआधी हातात हवं. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचं युनिट), रिले, सेन्सर पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत मिळतील असेच बसवून घ्या. पैशांतले शेवटचे १० टक्के तुमच्या जागेवर मशीन पूर्ण पाळी चालल्यावरच द्या.

दिवाळीच्या फराळासाठी मशीन हवं असेल तर अक्षय्य तृतीयेच्या आसपास ऑर्डर द्या. दोन-अडीच महिन्यांचा वायदा पुढे सरकला तरी पावसाळी हवेत मशीन चालवून बघता येतं. हॉपरमध्ये चिवडा किती वेळात मऊ पडतो, ते जुलैतच कळतं.

आणि सुट्या भागांचा डबा मशीनसोबतच मागा: चार कार्ट्रिज हीटर, दोन थर्मोकपल (तापमान मोजणारे), टेफ्लॉनचा रोल, एक कटर ब्लेड, एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, एक टायमिंग बेल्ट. हीटर आणि सेन्सर सहसा वॉरंटीत नसतात, आणि बुधवारी संध्याकाळी हीटर गेला तर गुरुवारी भोसरीला सुट्टी असते.