नव्या लॅपटॉपवर विंडोज ७: थेट टाकायची, विंडोज १०वर भागवायचं, की व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायची?

‘नव्या लॅपटॉपवर विंडोज ७ मारून मिळेल का?’ असं विचारणाऱ्याला विंडोज ७ची हौस क्वचितच असते. त्याचा जीव एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये अडकलेला असतो. डीटीपीवाल्याच्या वर्षानुवर्षांच्या फायली पेजमेकर ७मध्ये, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतात. कुणाचा हिशेब डॉसच्या फॉक्सप्रोत असतो. कुणाच्या स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त ३२-बिटचा असतो. म्हणून सगळ्यात आधी तो प्रोग्राम विंडोज ११वर जसाच्या तसा टाकून पाहा. ३२-बिटचे बरेच जुने प्रोग्राम अजून सुरळीत चालतात आणि पुढची सगळी उठाठेव वाचते.

चालत नाही तेव्हा कारण बहुधा तीनपैकी एक असतं: इन्स्टॉलर किंवा प्रोग्राम १६-बिटचा आहे, ड्रायव्हर ३२-बिटचा आहे, किंवा डोंगल (प्रोग्रामचं लायसन्स सिद्ध करायला पोर्टमध्ये खोचायची चकती) ओळखला जात नाही. पहिली दोन कारणं असतील तर ६४-बिटची विंडोज ७ टाकूनही काही साधत नाही. १६-बिटचा प्रोग्राम आणि ३२-बिटचा ड्रायव्हर फक्त ३२-बिट विंडोजवर चालतो. ६४-बिट विंडोज ७ टाकण्यात दोन दिवस घालवायचे आणि फॉक्सप्रो पुन्हा तीच एरर देणार, असं होऊ नये.

प्रोसेसरची पिढी बघा

इंटेलच्या क्रमांकात ती दिसते. आय५-५३००यू म्हणजे पाचवी पिढी, आय५-६२००यू सहावी, आय५-१२३५यू बारावी. पाचव्या पिढीपर्यंत विंडोज ७ मुकाट बसते. सहाव्या पिढीवर थोडी तयारी करून बसते. सातव्या पिढीपासून आणि एएमडी रायझनपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या खालची कुठलीच विंडोज अधिकृत धरली नाही. अकराव्या पिढीपासून पुढच्या बहुतेक लॅपटॉपवर दारच बंद आहे. ते का, ते पुढे आलंच आहे.

विंडोज ७ थेट टाकली तर काय काय अडतं

पहिला अडथळा यूएसबीचा. विंडोज ७ आली ऑक्टोबर २००९मध्ये आणि तिच्या डिस्कमध्ये यूएसबी ३.०चा ड्रायव्हर नाही. सहाव्या पिढीच्या चिपसेटमधून इंटेलने यूएसबी २.०चा वेगळा कंट्रोलर काढून टाकला, त्यामुळे सगळे पोर्ट यूएसबी ३.०च्या कंट्रोलरवर गेले. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो, कारण तोवर फाइली वाचण्याचं काम बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, करत असतो. विंडोजने ताबा घेतला की तोच पेनड्राइव्ह तिला दिसेनासा होतो आणि ‘सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही’ असा चक्रावून टाकणारा संदेश येतो. डीव्हीडी ड्राइव्ह शोधत बसू नका, त्याचा इथे संबंध नाही. बऱ्याच लॅपटॉपचा कीबोर्ड आतून पीएस/२ पद्धतीने जोडलेला असल्याने तो चालत राहतो, माऊस मात्र मेलेला असतो.

उपाय एकच: यूएसबी ३.०चा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या डीआयएसएम या कमांडने आधीच डिस्कमध्ये मिसळायचा. तो बूट इमेजच्या दुसऱ्या भागात, म्हणजे सेटअपच्या भागात, आणि इन्स्टॉल इमेजमध्ये, दोन्हीकडे लागतो. इन्स्टॉल इमेजमध्ये घालायचा राहिला तर सेटअप पूर्ण होतो, पण डेस्कटॉप आल्यावर माऊस पुन्हा हलत नाही. गिगाबाइटने मदरबोर्डसाठी काढलेलं यूएसबी इन्स्टॉलेशन टूल हेच काम आपोआप करतं.

दुसरा अडथळा एनव्हीएमई एसएसडीचा. ती सेटअपला दिसतच नाही. मायक्रोसॉफ्टने यासाठी केबी २९९०९४१ आणि केबी ३०८७८७३ हे हॉटफिक्स काढले होते, ते वरच्याच पद्धतीने मिसळावे लागतात. २.५ इंची साटा एसएसडी लावायला जागा असेल तर ती लावा आणि या भानगडीत पडू नका.

तिसरा अडथळा सगळ्यात चिवट. बूट होताना पडद्यावर चित्र आणण्यासाठी विंडोज ७ जुन्या बायोसच्या व्हिडिओ सेवेवर विसंबते. बायोसची जागा घेणाऱ्या नव्या यूईएफआय फर्मवेअरमध्ये ती सेवा सीएसएम नावाच्या सोयीतून मिळायची. इंटेलने २०१७मध्येच जाहीर केलं, की २०२०पर्यंत ही सोय बंद करणार. सीएसएम नसलेल्या लॅपटॉपवर ‘स्टार्टिंग विंडोज’पाशी चार रंगांचे ठिपके येतात आणि सगळं तिथेच गोठतं. ती सेवा भासवणारं यूईएफआयसेव्हन नावाचं छोटं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यासाठी सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारं संरक्षण) बंद करावं लागतं, आणि त्यातून पुढे गेलात तरी ०xए५ क्रमांकाची निळी स्क्रीन वाट बघत असू शकते, कारण फर्मवेअर हार्डवेअरची माहिती ज्यातून देतं त्या नव्या एसीपीआय तक्त्यांचा अर्थ विंडोज ७ला लागत नाही. त्यावर इंटरनेटवर फिरणारा उपाय म्हणजे कुणीतरी ठिगळ लावलेली सिस्टम फाइल. धंद्याच्या मशीनवर ती टाकू नये.

आणि ३२-बिटचं काय? ६४-बिट यूईएफआयवर ३२-बिट विंडोज बूट होत नाही, मग ती ७ असो वा १०. तिला सीएसएम लागतंच. म्हणजे ज्या फॉक्सप्रोसाठी हा सगळा खटाटोप, त्याच्यासाठी नव्या लॅपटॉपवर थेट विंडोजचा रस्ताच उरत नाही.

समजा, सगळं पार पडलं. इंटेलने विंडोज ७साठी ग्राफिक्स ड्रायव्हर सहाव्या पिढीपर्यंतच दिले. त्यापुढे साधा व्हीजीए ड्रायव्हर: ब्राइटनेस बदलत नाही, लॅपटॉप स्लीपमध्ये जात नाही, एचडीएमआयवर दुसरा मॉनिटर चालत नाही. वायफाय कार्ड इंटेल ८२६५ असेल तर विंडोज ७चा ड्रायव्हर आहे, एएक्स२०० असेल तर नाही. विंडोज ७चा सर्वसाधारण आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट, १४ जानेवारी २०२०ला संपला, पैसे भरून मिळणारा १० जानेवारी २०२३ला. क्रोम १०९व्या आवृत्तीवर थांबला आहे. या मशीनवरून जीएसटी भरायचा किंवा बँकेचं काम करायचा विचारही करू नका.

विंडोज १०वर भागेल का

विंडोज ११ आवडत नाही किंवा एखादा ६४-बिट ड्रायव्हर ११वर कुरकुरतो, एवढीच तक्रार असेल तर भागेल. थेट विंडोज ७च्या तुलनेत हे काम एका तासाचं आहे. ११ ते १३व्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना विंडोज १०चे ड्रायव्हर मिळतात. विकत घेण्याआधी त्याच मॉडेलच्या सपोर्ट पानावर खात्री करा.

इथे हमखास अडतं ते एका जागी. सेटअप ‘ड्राइव्ह सापडत नाही’ म्हणतो आणि माणूस एसएसडी गेली असं समजतो. अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपवर इंटेलचं व्हीएमडी (एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय) सुरू असतं आणि एसएसडी त्याच्या आड लपलेली असते. कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, तो उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण मग त्या डिस्कवरची आधीची विंडोज ११ बूट होत नाही. डिस्क पूर्ण पुसणार असाल तरच तसं करा.

बायोसला हात लावण्याआधी आणखी एक: नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन बरेचदा न विचारताच सुरू झालेलं असतं. मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर आतला डेटा गेला असं समजा.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. म्हणजे हा मुक्काम आहे, घर नव्हे.

विंडोज ११ तशीच ठेवून आत विंडोज ७

विंडोज ११च्या आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने भासवलेला दुसरा संगणक, बनवायचा आणि विंडोज ७ त्यात टाकायची: बहुतेकांनी हाच मार्ग घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ प्रोफेशनलमध्ये जुन्या प्रोग्रामसाठी ‘एक्सपी मोड’ दिला होता, तोही असाच. व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजला खरा लॅपटॉप दिसत नाही. तिला तिच्या काळातलं साधं हार्डवेअर दाखवलं जातं. वरचे तिन्ही अडथळे तिथेच गळून पडतात आणि ३२-बिट विंडोजही बिनबोभाट चालते.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सचं मूळ पॅकेज फुकट आहे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४पासून व्यावसायिक वापरालाही फुकट झालं. विंडोज ११ प्रोमधला हायपर-व्ही मात्र डोंगलवाल्यांनी टाळावा. त्यात यूएसबी उपकरण थेट आत देता येत नाही.

बायोसमध्ये व्हर्च्युअल मशीनला लागणारी प्रोसेसरची सोय (इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम) चालू करा. विंडोज ७ सर्व्हिस पॅक १, ३२-बिट निवडा. रॅम ३ जीबी पुरे, ३२-बिटला ४च्या वर तसाही उपयोग नाही. दोन कोअर आणि वाढत जाणारी ४० जीबीची डिस्क द्या. ईएफआयची खूण काढा. यूएसबी कंट्रोलर २.०चाच निवडा; ३.० निवडलात तर जुनं दुखणं इथेही उपटतं. विंडोज बसली की आधी केबी ४४९०६२८ आणि मग केबी ४४७४४१९ टाका. एसएचए-२ पद्धतीची डिजिटल सही ओळखायला विंडोज ७ला हे अपडेट लागतात. गेस्ट अॅडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचे आतल्या विंडोजसाठीचे ड्रायव्हर त्यानंतर. डोंगल आतल्या विंडोजकडे जावा म्हणून यूएसबी फिल्टर लावा आणि सगळं नीट चाललं की स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची नोंद, घ्या.

व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर मशीन रखडणार. हायपर-व्ही मागे चालू असल्याची ती खूण आहे. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढा, विंडोज सिक्युरिटीतली मेमरी इंटेग्रिटी बंद करा आणि रिस्टार्ट करा. मेमरी इंटेग्रिटी बंद केल्याने मुख्य विंडोजचं एक संरक्षण कमी होतं, हे जाणून करा. वेग चालण्यासारखा असेल तर कासवाला राहू द्या.

आतल्या विंडोजचं नेटवर्क तोडून टाका. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट किंवा पीडीएफ काढा, ती शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणा आणि छपाई विंडोज ११मधून करा. लायसन्सही वेगळं लागतं: जुन्या पीसीवरच्या स्टिकरची ओईएम (संगणकासोबत आलेली) की त्याच पीसीला बांधलेली असते, खोक्यातून आलेली रिटेल की इथे वापरता येते.

हा मार्ग दोन ठिकाणी बंद आहे. एक, स्नॅपड्रॅगन चिपचा लॅपटॉप: त्यावर व्हर्च्युअलबॉक्स वा व्हीएमवेअरमध्ये इंटेलची विंडोज ७ चालत नाही. दुसरं, समांतर पोर्टचा, म्हणजे एलपीटीचा डोंगल. बाजारात मिळणारी यूएसबी-टू-पॅरलल केबल प्रिंटरपुरती असते, डोंगल तिच्यावर ओळखला जात नाही.

नवा लॅपटॉप हवाच कशाला?

डोंगल एलपीटीचा असेल तर मदरबोर्डवर तो पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप घ्या. बाकीच्यांना विंडोज ७ खरीखुरी हवी असेल तर चौथ्या-पाचव्या पिढीचा रिफर्बिश्ड लॅपटॉप, उदाहरणार्थ थिंकपॅड टी४५०. त्याला सीएसएम आहे, विंडोज ७चे ड्रायव्हर आहेत आणि साटा एसएसडी बसते. टी४६० किंवा लॅटिट्यूड ई५४७० ही सहावी पिढी. चालेल, फक्त यूएसबीचा ड्रायव्हर मिसळावा लागेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असली यंत्रं बघताना बॅटरी तपासा. टी४५०ला एक आत आणि एक बाहेर अशा दोन असतात आणि दुकानदार बाहेरचीच दाखवतो.

हे मशीन इंटरनेटला जोडू नका. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये ठेवायचंच असेल तर केबी ४०१२२१२ आधी टाका; २०१७मध्ये वॉनाक्रायने ज्या भोकातून शिरकाव केला ते याने बुजतं. त्याच्याशी फाइली देवाणघेवाण करायला विंडोज ११मध्ये एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली शेअर करण्याची जुनी पद्धत) चालू करायला सांगणारे भेटतील. ते एक्सपीसाठी लागतं. विंडोज ७ला एसएमबी २ येतं.