मधुमेह आणि गरोदरपण: डॉप्लर करायचं की एनएसटी?

रिपोर्टवर 'डॉप्लर नॉर्मल' वाचलं की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आईला मधुमेह असेल तर तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

डॉप्लर म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी; तीत बाळाच्या नाळेतलं रक्त वारेकडे (प्लासेंटाकडे) किती सहज जातंय ते कळतं. पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखी ओळ उमटते, प्रत्येक ठोक्याला एक टोक. डॉक्टरांची नजर असते ती दोन टोकांमधल्या दरीवर. बाळाचं हृदय दोन ठोक्यांमध्ये विसावतं तेव्हाही रक्त पुढे सरकत राहायला हवं. दरी तळाला टेकली तर वारेत अडथळा वाढलेला असतो, आणि रक्त उलटं फिरायला लागलं तर धोका गंभीर. मधुमेह जुना आहे, किडनीवर परिणाम झालाय, बीपी वाढलंय किंवा बाळाची वाढ खुंटलीय, अशा वेळी डॉप्लर हवंच.

पण मधुमेहात बरीच बाळं उलट मोठी होतात. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्शुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंडच जास्त इन्शुलिन बनवतं आणि बाळाला ऑक्सिजनही जास्त लागतो. वारेतला प्रवाह उत्तम असतानाही हा ऑक्सिजन कमी पडू शकतो, आणि डॉप्लरला हे दिसत नाही.

तिथे एनएसटी, म्हणजे बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणारी तपासणी, कामाला येते. पोटावर दोन पट्टे, साधारण 20 मिनिटं. 32 आठवड्यांनंतर तेवढ्या वेळात निदान दोनदा बाळाचे ठोके मिनिटाला 15 ने वाढून 15 सेकंद टिकायला हवेत. बाळ झोपलं असेल तर वेळ लागतो, घाबरू नका. उणीव एकच, पण मोठी: ती त्या वेळेपुरतंच सांगते. साखर बिघडली की गेल्या आठवड्याचा आलेख निरुपयोगी. म्हणूनच इन्शुलिन चालू असलेल्यांना ती बहुधा 32 आठवड्यांपासून, आठवड्यातून एक-दोनदा करायला सांगतात.

थोडक्यात, बाळ लहान किंवा बीपी जास्त असेल तर डॉप्लर आणि जोडीला एनएसटी. इन्शुलिन चालू आहे पण बाळ नीट वाढतंय, तर भर एनएसटीवर; वाढ आणि गर्भजल बघणारी सोनोग्राफी दर चार आठवड्यांनी. नुसत्या आहारावर साखर आटोक्यात असेल तर स्वतःहून डॉप्लरचा आग्रह धरू नका, डॉक्टरांना विचारा. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर कालचा रिपोर्ट कितीही चांगला असो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.