कॅम्परला वीज कशाची: जनरेटर, पॉवर स्टेशन की घरचाच इन्व्हर्टर?

कॅम्पर व्हॅन बांधून झाली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती केव्हीएचा जनरेटर घेऊ?" केव्हीए हे जनरेटरच्या ताकदीचं माप, पण त्याआधी दुसरं काहीतरी ठरवावं लागतं. रात्री गाडीत एसी लावायचा आहे का? हो म्हणालात तर खरेदी एका वाटेला जाते, नाही म्हणालात तर दुसऱ्या. केव्हीए, ब्रँड, हप्ते हे सगळं त्याच्या मागून.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला सहज टेकतो. टेम्पो ट्रॅव्हलरचा पत्रा दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग आत सोडत बसतो. त्यामुळे माणसाच्या डोक्यात आधी एसीच येतो, हे साहजिक आहे. पण आपला उन्हाळा कोरडा, आणि कोरड्या हवेत कूलर जीव तोडून काम करतो. कूलर खातो दीडशे-दोनशे वॅट, एक टनाचा एसी जोरात चालताना हजार-अकराशे. म्हणजे पाच-सहा पट फरक. कूलरला पाणी भरपूर लागतं आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, एवढीच अट. हाच कूलर गुहागरला नेलात तर मात्र नुसता ओलसट वारा अंगावर घेत बसाल. तेव्हा तुमची गाडी बहुतेक वेळा कुठे मुक्कामाला असणार, उजनीच्या काठावर, माळरानावर की कोकणात, हेही एसीच्या उत्तरातच धरा.

आता वीज किती लागते ते बघू. एसी नाही असं धरलं तर चौघांच्या कुटुंबाचा दिवसाचा हिशेब असा बसतो. तीस वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे नऊ तास: साधारण ५४० वॉट-अवर. बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसरचा फ्रीज दिवसभरात सहाशेच्या आसपास. दिवे, मोबाइल, लॅपटॉप मिळून दोनशे. बेरीज तेराशे-चौदाशे, म्हणजे दीड युनिटच्या आत (हजार वॉट-अवरचं एक युनिट). पंखे साधे, सत्तर-पंच्याहत्तर वॅटचे असले तर नुसत्या पंख्यांचाच खर्च दुपटीच्या वर जातो, म्हणून जनरेटरच्या आधी पंखे बदला. रात्री पाच तास कूलर लावलात तर वर आणखी पाऊण ते एक युनिट. आणि एसी लावलात तर रात्रीचेच पाच-सहा युनिट.

इंडक्शन शेगडी आणि पाण्याची किटली यांना या हिशेबात मी जागाच दिलेली नाही. दीड-दोन हजार वॅटची शेगडी दहा मिनिटं चालवायला मोठा जनरेटर घेणं म्हणजे पैसे जाळणं. स्वयंपाक गॅसवर करा.

बाजारात समोर येतात ते पर्याय चार.

पहिला, लोखंडी सांगाड्यातला पेट्रोल जनरेटर, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉलमागे धडधडत असतो तो. सगळ्यात स्वस्त, गल्लीतला मेकॅनिकही दुरुस्त करतो, मोटर सुरू होतानाचा झटका सोसतो. पण त्याचं इंजिन ५० हर्ट्झ टिकवायला मिनिटाला ३००० फेऱ्यांनीच फिरतं. तुम्ही एक बल्ब लावा नाहीतर एसी, आवाज तोच, पेट्रोलही फारसं वाचत नाही. दोन-तीन केव्हीएचं धूड चाळीस-पन्नास किलोचं, एकट्याने उतरवताना कंबर धरते.

दुसरा, इन्व्हर्टर जनरेटर. सुटकेससारखी पेटी, आत तेच पेट्रोल इंजिन. पण हा आधी वीज डीसी करतो आणि मग इलेक्ट्रॉनिक्सने शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, तयार करतो. त्यामुळे लोड कमी असेल तर इंजिन हळू फिरू शकतं. किंमत सांगाड्यावाल्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. या वर्गाचा अंदाज यावा म्हणून होंडाच्या ईयू२२००आयचे आकडे घ्या: वजन २१ किलोच्या आसपास, टाकी ३.६ लिटरची, १८०० वॅटच्या पूर्ण लोडवर ३.२ तास, पाव लोडवर ८.१ तास. एक सांगून ठेवतो. कॅम्पिंगचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात आणि अमेरिकेतला भाचा "मामा, येताना घेऊन येतो" असंही म्हणतो. आणू देऊ नका. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचंच मॉडेल हवं.

तिसरा, पॉवर स्टेशन, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात. सोबत सोलर पॅनेल. एक युनिट साठवणारा डबा दहा ते चौदा किलोचा. आवाज फक्त आतल्या छोट्या पंख्याचा.

चौथा, ज्याचा कुणी विचार करत नाही तो: घरातला इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी उचलून गाडीत बसवणं. पैसे वाचतात, कारण वस्तू घरात आहेच. १५० एएचची (अँपिअर-अवरची) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १.८ युनिटची, पण ही लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झरझर घटतं. म्हणजे हातात पाऊण-एक युनिट. वजन पन्नास किलोच्या वर, गचके बसले की अॅसिड सांडण्याची भीती, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो म्हणून बंद गाडीत झोपायच्या जागेखाली ठेवायची नाही. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा (गुळगुळीत नाही, चौकोनी लहरीचा) असेल तर पंखा रात्रभर घुमतो. हुरडा पार्टीला एका रात्रीसाठी चालेल. कायमसाठी मी कुणाला सांगणार नाही.

डिझेलचे सायलेंट सेट आणि गॅसवर चालणारे जनरेटर यांना एकेक वाक्य पुरे. डिझेलचा बंद पेटीतला सेट शंभर किलोच्या वर जातो, व्हॅनला तो ओझं. आणि घरगुती सिलिंडर जनरेटरला जोडणं नियमात बसत नाही.

खरी लढत दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे.

आधी पैशाचं बघू, कारण तिथे लोक फसतात. लिटरला १०५ रुपये धरले तर ३.६ लिटरची टाकी ३७८ रुपयांची. पूर्ण लोडवर तिच्यातून पावणेसहा युनिट निघतात, म्हणजे युनिट पासष्ट रुपयांना. पाव लोडवर निघतात साडेतीनच्या थोडे वर, म्हणजे युनिट शंभरच्या पुढे. रात्रभर दोन पंख्यांसाठी जनरेटर फुरफुरत ठेवणं ही सगळ्यात महाग वीज. जनरेटर चालवायचाच तर दोन तास पोटभर लोड देऊन चालवा आणि बंद करा.

पॉवर स्टेशनला चालवायचा खर्च जवळजवळ नाही, पण सुरुवातीला खिसा चांगलाच हलका होतो. ही बॅटरी चांगल्या प्रतीची असेल तर तीन हजारांच्या आसपास चार्ज-डिस्चार्ज काढते. वर्षातून तीन-चारदाच बाहेर पडणाऱ्याला तेवढे पुरे वापरताही येणार नाहीत. पण ती घरी लाइट गेल्यावर वायफाय-पंख्याला उपयोगी पडते. जनरेटर फ्लॅटच्या बाल्कनीत चालवता येत नाही.

सोलरचं गणित सोलापूरला चांगलं जमतं. ४०० वॅटचं पॅनेल, पाच तास बरं ऊन, गळती वजा करून दिवसाला सव्वा ते दीड युनिट. वर काढलेला एसीशिवायचा हिशेब यात बसतो. आता अडचणी. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. मे महिन्याच्या दुपारी पॅनेलच्या आतलं तापमान पासष्ट-सत्तरला जातं आणि दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या पुढे गेलं. दुसरी अडचण सावलीची. पॅनेल टपावर पक्कं बसवलंत की गाडी उन्हातच लावावी लागते, आणि तुम्हाला तर लिंबाखालची जागा हवी असते. म्हणून सोलापूरकराने घडीचं पॅनेल घ्यावं, दहा-बारा मीटर जाड वायर घ्यावी, गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात. वायर बारीक घेतली की व्होल्टेज वाटेतच मरतं.

तिसरी अडचण बॅटरीची स्वतःची. बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट डबे ४५ अंशांच्या वर चार्जिंग घेत नाहीत, स्वतःहून थांबतात. दुपारी बंद गाडीत सीटवर ठेवलेला डबा तेवढा सहज तापतो. मग पॅनेल ऊन खात पडलंय, स्क्रीनवर इनपुट शून्य, आणि माणूस वायरी हलवून बघतोय. वायरीत काही नसतं. डबा खाली उतरवून गाडीच्या सावलीत ठेवायचा, दारं उघडी टाकायची.

जनरेटरलाही ऊन लागतं, फक्त तो सांगत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे. हवा विरळ आणि गरम झाली की इंजिनाची ताकद घटते. उंची आणि उन्हाळा मिळून आठ-दहा टक्के इथेच सोडून द्या. महाबळेश्वरला नेलात तर नुसत्या उंचीने बारा-तेरा टक्के. तेव्हा १८०० वॅटचा सेट मेमध्ये सोळाशेचा समजायचा.

त्यावर एसी चालेल का? साधा, जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरचा एक टन एसी सुरू होताना क्षणभर तिप्पट किंवा जास्त करंट ओढतो. इंजिन दबतं, दिवे मंद होतात, आणि जनरेटरवरचा ओव्हरलोडचा लाल दिवा लागून पुरवठा तुटतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, म्हणून दोन केव्हीएच्या सेटवर तो बहुधा चालतो. एक युनिटच्या पॉवर स्टेशनवर तोच एसी सरासरी ७०० वॅटने सव्वा तास जाईल. म्हणजे एसीवाल्यांनी फक्त बॅटरीचा नाद करायचा तर चार-पाच युनिटची बॅटरी बँक लागते, आणि तो खर्च वेगळ्याच पातळीचा आहे.

आवाजाबद्दल दुकानात गंमत चालते. एक जण म्हणतो आमचा ५७ डेसिबल, दुसऱ्याच्या पाटीवर ८६. दोन्ही आकडे खरे असू शकतात. आपल्याकडे पेट्रोल सेटला घातलेली ८६ डेसिबलची मर्यादा ही यंत्रातून निघणाऱ्या एकूण ध्वनिशक्तीची आहे. तोच सेट उघड्यावर सात मीटरवरून मोजला तर साठ-एकसष्टच्या आसपास भरतो. ५७ हा आकडा सात मीटरवरचा असतो, आणि कमी लोडवर तो ५०च्या खाली येतो. तेव्हा विचारा: किती अंतरावरून, किती लोडवर? अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल कमी होतात, म्हणून लांब जाड वायर हाच स्वस्त सायलेन्सर. रात्री दहानंतर निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. उजनीच्या मागच्या पाण्यावर पक्षी बघायला गेलात किंवा नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला असाल तर तिथे इंजिन लावण्याचा विचारही करू नका.

धुराबाबत मात्र कसलीही तडजोड नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. जनरेटर गाडीपासून निदान सहा मीटर लांब, एक्झॉस्ट खिडकीच्या उलट दिशेला, वारा कुठून येतो ते बघून. डिकीत, गाडीला जोडलेल्या तंबूत, गाडीखाली, कुठेच नाही. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. आषाढीला पंढरपुरात गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. तिथे तुमचा धूर शेजारच्या राहुटीत जातो, म्हणून अशा गर्दीत बॅटरीच बरी.

पेट्रोल नेण्याचा त्रासही हिशेबात घ्या. प्लास्टिकच्या बाटलीत पंपावर देत नाहीत, धातूचा घट्ट झाकणाचा कॅन लागतो आणि तो माणसं बसतात त्या भागात ठेवायचा नसतो. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथेनॉलविरुद्ध बोलणं इथे जपूनच करावं लागतं, पण ते ओल धरतं हे खरं. सीझन संपल्यावर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं की सहा महिन्यांनी दोरी ओढून खांदा दुखतो आणि इंजिन खोकतसुद्धा नाही. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला की आधी चिकट पिवळट थेंब येतात, त्यात पाण्याचे गोळे फिरताना दिसतात. ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवा आणि टाकी रिकामी करा. ज्याला हे जमणार नाही त्याने बॅटरीच घ्यावी, हे मी स्पष्ट सांगतो.

मग कुणी काय घ्यायचं? सोलापूर, बार्शी, करमाळा, तुळजापूर, विजापूर या पट्ट्यात फिरणार असाल, मुक्काम रात्रीचा असेल आणि कूलरवर भागत असेल, तर एक ते दीड युनिटचं पॉवर स्टेशन आणि ४०० वॅटचं घडीचं पॅनेल. जनरेटर नको. कूलर रोज लावायचा तर दोन युनिटचा डबा बघा. गाडी चालताना तिच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरणाऱ्या वीजयंत्रावरून) चार्ज करायची सोय मात्र करून घ्या, ढगाळ दिवसाला तीच उपयोगी पडते.

पावसाळ्यात कोकण-आंबोली करणारे, किंवा सोबत आजी-आजोबा आहेत म्हणून एसी लागतोच असे लोक, यांनी दोन केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर घ्यावा. बजेट बसलं तर जोडीला छोटं पॉवर स्टेशन. संध्याकाळी जेवण होईपर्यंत दोन तास जनरेटर चालवायचा, त्यात एसीने गाडी थंड करायची आणि डबा भरून घ्यायचा, दहाच्या आत इंजिन बंद, पुढची रात्र पंख्यावर. घरच्या ट्यूब्युलर बॅटरीशी ही जोडी जमत नाही, कारण ती दीडशे-दोनशे वॅटने सावकाश चार्ज होते आणि जनरेटर आठ-दहा तास उगाच फिरत राहतो.

सांगाड्यातला जनरेटर फक्त त्याने घ्यावा ज्याला शेतावर बोअरची छोटी मोटर, वेल्डिंग, ड्रिल अशीही कामं आहेत आणि कॅम्पिंग त्याच्यासाठी जोडधंद्यासारखं आहे.

दुकानात जाताना तुमचा कूलर किंवा एसी ज्यावर चालवायचा आहे तोच सेट सुरू करून मागा, लोड जोडून दहा मिनिटं चालू द्या. मग बंद करून गरम इंजिन पुन्हा सुरू करा, कारण नाठाळ सेट गार असताना शहाण्यासारखा वागतो. आणि पैसे देण्याआधी तो स्वतः उचलून दुकानाच्या पायऱ्या उतरून बघा.