जोगेश्वरीहून आणलेलं दार आणि खिडकी

मुंबईत ओशिवरा-जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचर बाजारात पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या भिंतीला टेकवून ठेवलेली असतात. तिथल्या एका गाळ्यातून आम्ही सागवानी दाराची एक फळी आणि तावदानांची खिडकी आणली. लाकूड अस्सल. जागोजागी खिळा टोचून पाहिला, वाळवी कुठेच नाही. पितळी कडी-कोयंड्याचे पैसे मात्र वेगळे लावतात, ते आधीच ठरवून घ्या. घासाघीस चालते, पण मालक मोठे चिवट!

दाराचं जेवणाचं टेबल केलं. नक्षीच्या खाचांत पोळीचे कण अडकायला लागले, म्हणून वर ८ मिलिमीटरची टफन्ड काच टाकली. खिडकीत तावदानांऐवजी आरसे बसवले. सासूबाई आता तिथेच टिकली लावतात.

एक महत्त्वाचं. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, रंग काढायचं द्रावण लावून ओला असतानाच खरवडा आणि मुलांना लांब ठेवा. दुकानात याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, हे मला खटकलं. टेम्पोवाल्याने जिना चढवायचे जास्तीचे पैसे घेतले, तेही आधी विचारा.

माल पाहता पाचपैकी चार. गजांची खिडकी मिळाली तर बाल्कनीतल्या वेलासाठी घेणार आहे.