13,800 रुपयांची शांतता

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मनात बेरीज करत बसायला नको. 13,800 रुपये. चार वेळा, माझ्याच अंगठ्याने, माझाच पिन टाकून. आणि ज्या डबीसाठी दिले, बेस गिटार हेडफोनवर ऐकवणारी छोटी डबी, ती आजतागायत हातात पडलेली नाही, कारण ती त्या माणसाकडे कधी नव्हतीच.

"एवढा शिकलेला माणूस आणि..." हे वाक्य घरात, ऑफिसात आणि ठाण्यात ऐकून झालंय. आता ऐका मी का फसलो ते.

मी बेस गिटार वाजवतो. हौसेने. नोकरीवरून आल्यावर रात्री नऊ ते साडेदहा, एवढाच वेळ माझा. घर तिसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर आले, तिसऱ्यांदा सोसायटीचं पत्र आलं. काका खोटं बोलत नव्हते, हे मान्य करतो. बेसची मोकळी ई तार साधारण 41 हर्ट्झची. एवढ्या खालचा सूर दारं-खिडक्या लावून अडत नाही. साध्या गिटारचा चरचराट भिंतीत मरतो, बेसचा घुमारा स्लॅबमधून खाली उतरतो. अ‍ॅम्प, म्हणजे बेसचा आवाज मोठा करून बाहेर सोडणारा खोका, जमिनीवर असेल तर विचारूच नका. मी तो खुर्चीवर ठेवला, खाली गादी घातली, आवाज इतका कमी केला की मलाच तारांची खटखट जास्त ऐकू यायला लागली. तरी खाली "धुम्म" जायचाच. बायको म्हणाली, "कपाटाला टेकवून वाजव." चेष्टा नाही, बेसचं डोकं लाकडी कपाटाला टेकवलं की कपाट घुमतं आणि अ‍ॅम्पशिवाय सूर ऐकू येतो. पण रोज दीड तास कपाटाला चिकटून कोण उभं राहणार?

म्हणजे हेडफोन. तीन आठवडे वाचून काढले. मल्टिइफेक्ट (पायाने चालवायची, सूर बदलणारी पेटी) घ्यावा की ऑडिओ इंटरफेस (वाद्य लॅपटॉपला जोडणारी पेटी), की थेट बेसच्या जॅकमध्ये खुपसायचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प? इंटरफेस घेतला की दर वेळी लॅपटॉप उघडा, सॉफ्टवेअर चालू करा, आणि तेवढ्यात साडेनऊ वाजतात. झूम कंपनीचा बी-वन फोर हा मल्टिइफेक्ट चांगला वाटला, चार पेन्सिल सेलवर चालतो, पण मला पायाशी काहीच नको होतं. मन बसलं ते बॉस कंपनीच्या काताना-गो या हेडफोन अ‍ॅम्पवर. मुठीएवढी डबी, आतच चार्ज होणारी बॅटरी, बेससाठी वेगळा मोड. नवीन घ्यायला हात धजेना, म्हणून जुन्या वस्तूंच्या जाहिरातींचं अ‍ॅप उघडलं.

तिथे ती होती. निळ्या फुलांच्या चादरीवर ठेवलेली. 8,500 रुपये, "चार महिने वापरलेली, बॉक्ससकट".

आता तुम्ही म्हणाल, बदली झाली म्हणून सामान विकतोय सांगणारा तोतया फौजी असणार. नव्हता, आणि म्हणूनच फसलो. फौजी आहे म्हणाला असता तर मी हसून फोन ठेवला असता, तो धडा सगळ्यांचा पाठ आहे. हा म्हणाला, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, आता काम सुटलंय. स्वच्छ मराठीत बोलत होता. माझ्या तारा कुठल्या ते विचारलं, मी फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत तारा) म्हटल्यावर "वा, जुना सूर आवडतो म्हणजे" म्हणाला. मला खालच्या काकांचं दुखणं आहे म्हटल्यावर त्याने त्याच्या घरमालकिणीची गोष्ट सांगितली. वीस मिनिटं बोललो आम्ही. ऑफिसात बेस म्हणजे काय हे कोणाला कळत नाही, घरी कोणी ऐकत नाही, आणि हा माणूस ऐकत होता. "दादा, बेसवाल्याने बेसवाल्याला फसवायचं असतं का?" हे त्याचं वाक्य. शब्दशः.

आणि आता ती जागा, जिथे मला समजायला हवं होतं. त्यानंतर किती रात्री मी याच मिनिटाशी येऊन अडलोय.

मी विचारलं, "हेडफोन कुठले वापरता?"

तो म्हणाला, "कुठलेही चालतात दादा. ब्लूटूथवाले लावा, वायरची कटकटच नको. मी तसाच वाजवतो."

काताना-गोला ब्लूटूथ आहे. पण ते आत येणारं. मोबाइलवरचं गाणं त्यातून डबीत येतं आणि आपण त्याच्याबरोबर वाजवायचं. डबीतून कानापर्यंत वायरच लागते. हे मला माहीत होतं. का लागते, तेही माहीत होतं. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला 120 ठोक्यांच्या टेम्पोला सिक्स्टीन्थ नोट, म्हणजे ठोक्याचा पाव भाग, असते 125 मिलिसेकंदांची. म्हणजे बोट पुढच्या सुरावर गेलेलं असतं आणि मागचा सूर अजून कानात आलेला नसतो. असं दोन मिनिटं वाजवून बघा, ताल सोडा, डोकं दुखायला लागेल. "मी तसाच वाजवतो" म्हणणारा माणूस एक तर बेस वाजवत नाही, किंवा त्याने ती डबी पाहिलेलीच नाही. तिसरी शक्यता नाही.

आणि मी काय केलं? मी मनात म्हटलं, याचा वाझा-एअरशी घोळ होतोय. बॉसचेच ते बेससाठीचे वायरलेस हेडफोन, त्यांत वाद्यापासून कानापर्यंत ब्लूटूथ नाही, कंपनीची स्वतःची रेडिओ जोडणी आहे, म्हणून तिथे जमतं. ठगाने चूक केली आणि ती मी त्याच्या वतीने दुरुस्त करून घेतली! त्याला खुलासा मागितलाही नाही. तीन आठवड्यांचा अभ्यास मी त्याला पकडण्यासाठी न वापरता त्याला सोडवण्यासाठी वापरला. पैशांपेक्षा हे जास्त झोंबतं.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत असलेलंच. मंगळवारी रात्री टोकन 1,000. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं, तो म्हणाला, वहिनीचं खातं आहे. (नाव जुळलं नाही की थांबा. वहिनी, मेहुणा, दुकानाचा पोरगा, कोणीही असो, थांबा.) बुधवारी सकाळी पार्सल बांधतानाचा बारा सेकंदांचा व्हिडिओ आला, त्यात खोकं दिसत होतं, आतली वस्तू नव्हे. उरलेले 7,500 पाठवले. तासाभरात कुरिअरवाल्याचा फोन. माल विमानाने जाणार, आत लिथियम बॅटरी आहे, वेगळं डिक्लेरेशन आणि विमा लागेल, 2,650, माल पोचला की परत. आता सांगा, लिथियम बॅटरीवर विमानात बंधनं असतात की नाही? असतात. वस्तूत बॅटरी आहे की नाही? आहे. खोट्यात असा खऱ्याचा तुकडा घातला की घास सरळ खाली उतरतो.

चौथी वेळ सांगायची लाज वाटते, पण तीच सांगायला हवी. "साहेब, तुमचे 2,650 सिस्टिमने परत काढलेत, हा क्यूआर स्कॅन करा." मी केला. पिन मागितला. मी टाकला. खात्यातून आणखी 2,650 गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः आईला शिकवलंय. ऑफिसात दोघांना शिकवलंय. 1 ऑक्टोबर 2025 पासून यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याकडे पैसे मागायची कलेक्ट रिक्वेस्ट बंद झाली, तेव्हा "चला, एक दार बंद झालं" असं म्हणणारा मीच होतो. क्यूआरचं दार सताड उघडं आहे, कारण ते दार आपणच आतून उघडतो. त्या वेळी मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभा होतो, पाच मिनिटांत मीटिंग होती, तो माणूस "लवकर करा, सेशन संपेल" म्हणत होता. कारण म्हणून सांगत नाही. नाही, कारण म्हणूनच सांगतोय. घाईत असाल तर पैशाला हात लावू नका.

सव्वादोनला मला कळलं होतं. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला रात्री साडेआठला. मधले सहा तास काय केलं? त्यालाच फोन करत बसलो, आणि बायकोला कसं सांगायचं याचा विचार करत बसलो. हे करू नका. लाज नंतर वाटून घ्या, आधी 1930 लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकतात, मधल्या एखाद्या खात्यात सापडले तरच अडवता येतात. माझे अडले ते 640 रुपये. बाकीचे निघून गेले होते.

आता बँक. शाखेतल्या मॅडम म्हणाल्या, "सर, पिन तुम्हीच टाकलात ना? मग तुमच्या संमतीचा व्यवहार." मी रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाचा कागद छापून नेला होता, तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, वगैरे. तो नियम आपण न केलेल्या व्यवहारांसाठी होता. म्हणजे मॅडम बरोबर होत्या, आणि त्याचा आणखी राग आला. पण तक्रारीची पोच द्यायला काय हरकत होती? "ऑनलाइन करा." ऑनलाइन केली तर "शाखेशी संपर्क साधा." मी तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा टोकन काढून चाळीस मिनिटं बसलो. पोच घ्याच, कशीही, ईमेलची चालेल. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे तारीख लागते.

ठाण्याची कथा वेगळी. पहिल्या दिवशी सायबरचं बघणारे साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण खातं दुसऱ्या राज्यातलं, "इथे कसं घेणार?" मी म्हटलं, 1 जुलै 2024 पासून जो नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम 173 मध्ये गुन्हा कुठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची आहे. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच आरोपी. मग म्हणाले, स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणा. बँक म्हणाली, आम्ही शिक्का देत नाही, अ‍ॅपवरून काढा. ठाणं म्हणालं, अ‍ॅपचं चालत नाही. शिक्का मिळाला तो चौथ्या दिवशी, तोही शिपाईकाकांच्या दयेने.

अर्ज लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारलं, "वस्तू काय?" हेडफोन अ‍ॅम्प, म्हटलं. त्यांनी लिहिलं "हेडफोन". मी म्हटलं, हेडफोन नाही, अ‍ॅम्प. "म्हणजे स्पीकर?" नाही, आवाज बाहेर येऊ नये म्हणून असतो तो. ते पेन खाली ठेवून म्हणाले, "आवाज येऊ नये म्हणून साडेआठ हजार? मग वाजवताच कशाला?" खोलीतले सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. अर्जात अजून "हेडफोन 1 नग" असंच आहे. गुन्हा दाखल नाही, अर्जावर गोल शिक्का आहे. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 आणि आयटी कायद्याचं 66 ड मी अर्जात स्वतः लिहिली होती, "ते आम्ही बघू" म्हणाले. अजून बघताहेत. अडवलेले 640 रुपये परत मिळवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं त्या वेळी सांगण्यात आलं. ओळखीच्या वकिलाने नुसत्या अर्जाचे 3,000 सांगितले.

मध्ये एकाचा फोन आला, तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी 1,180. त्याला माझा तक्रार क्रमांक पाठ होता. तो कुठून मिळाला, हे मी ठाण्यात विचारलं. उत्तर नाही. एकदा फसलेल्याचा नंबर पुढे विकला जातो, हे धरून चाला.

जुनं घ्यायचंच असेल तर जाऊन, हातात घेऊन, स्वतःचा बेस आणि स्वतःचे वायरवाले हेडफोन लावून घ्या. मोकळी ई छेडा, दोन्ही कानांत येते का बघा, जॅक हलवून खरखर ऐका. लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर त्याला वाजवायला लावा, सांगाल तो सूर, सांगाल तेव्हा. आणि सीरियल नंबर कागदावर तुमच्या नावाशेजारी लिहून दाखवायला सांगा. खरा विकणारा कुरकुरेल, पण करेल.

सध्या मित्राचा जुना इंटरफेस आणलाय. इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबायला विसरलो की सूर मेल्यासारखा येतो, लॅपटॉप चालू व्हायला चार मिनिटं लागतात, पण खालच्या काकांचा जाच संपला. परवा लिफ्टमध्ये भेटले. "वाजवणं सोडलं वाटतं?" म्हणाले, जरा वाईट वाटल्यासारखे.

गेल्या रविवारी त्या अ‍ॅपवर सहज पाहिलं. नाव दुसरं, गाव दुसरं, चादर तीच निळ्या फुलांची. मी तक्रार केली, दोन दिवसांनी उत्तर आलं की या जाहिरातीत नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. किंमत 8,000 केलीय. खाली लिहिलंय, कुठल्याही ब्लूटूथ हेडफोनवर चालते.